आधी वायर, मग बूस्टर!

आपल्या लोकांची एका गोष्टीवर गाढ श्रद्धा आहे. जे कळत नाही, ते मोठ्याने केले की कळते! परप्रांतातल्या पाहुण्याला मराठी समजले नाही, तर आपण तेच मराठी वाक्य दुप्पट आवाजात म्हणतो. वक्त्याजवळ सांगण्यासारखे काही नसले, की चार कर्णे जादा लावतो. मुलाचे गणित कच्चे राहिले, की एकाऐवजी दोन क्लास लावतो. आणि रेडिओवर स्टेशन नीट लागेनासे झाले, की बाजारात जाऊन बूस्टर आणतो.

यांतल्या वक्त्याशी आणि क्लासवाल्यांशी भांडायची माझी छाती नाही. पण बूस्टरवाल्यांशी मात्र आज मला मनसोक्त भांडायचे आहे.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बूस्टर म्हणजे एरियल आणि रेडिओ यांच्या मध्ये बसवायची काड्यापेटीएवढी डबी. एरियलने पकडलेला बारीकसा संदेश ही डबी आत घेते, फुगवते आणि रेडिओच्या स्वाधीन करते. पोटात एक ट्रान्झिस्टर, तीनचार कंडेन्सर, दोनतीन रेझिस्टन्स आणि तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, एवढाच संसार. माझे या डबीशी काही वैर नाही. स्वतःच्या हाताने जुळवलेल्या बूस्टरबद्दल तर मला आदर आहे, आणि त्याची कृतीही मी पुढे देणार आहे. माझे भांडण आहे ते एरियलचा पत्ता नसताना बूस्टर लावणाऱ्यांशी. डोक्यावर केस नसताना कंगवा विकत घेणारा माणूस निदान त्यामुळे केस उगवतील असे तरी म्हणत नाही!

आमच्या मेहुण्यांचेच उदाहरण घ्या. त्यांचे घर टेकडीच्या पोटाशी आहे. त्यांच्या रेडिओची दांडी दुसऱ्या पेरातून मोडली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. उरलेला वितभर तुकडा अंगठा दाखवल्यासारखा उभा असतो. एवढ्या तुकड्यावर एफ.एम. लागेना, म्हणून त्यांनी तयार बूस्टर मागवला. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिले होते, '३० डीबी'. आता ३० डेसिबल म्हणजे शक्ती हजारपट! हजारपट या शब्दाची आपल्याकडे आधीच मोहिनी. मेहुण्यांनी डबी त्या वितभर तुकड्याला जोडली आणि मला फोन केला.

"भावोजी, पूर्वी पाच स्टेशनं लागत होती, आता आठ लागतात!"

"आणि तुम्हाला हवं होतं ते?"

"ते मात्र नाही लागत."

जाऊन पाहतो तो खरोखरच आठ. त्यांतली चार म्हणजे एकच खाजगी स्टेशन, काट्यावर चार निरनिराळ्या ठिकाणी! जवळचे दांडगे स्टेशन हजारपट फुगून रेडिओच्या अंगावर आले, की रेडिओ गोंधळतो आणि जिथे काहीच नाही तिथेही त्याला तेच ऐकू येऊ लागते. सासूच्या आवाजाबद्दल काही सुनांची अशीच तक्रार असते. मेहुण्यांना हव्या त्या स्टेशनाच्या जागी मात्र पूर्वीचीच खरखर, अगदी जशीच्या तशी.

याचे कारण आपल्या पूर्वजांनी रेडिओ निघण्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवले आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? बूस्टर हा पोहरा आहे. पोहरा पिंपाएवढा केला, म्हणून आडाला पाणी लागत नाही. चिखल मात्र पिंपभर येतो.

एरियलवर संदेश एकटा कधीच येत नाही. त्याच्याबरोबर खरखरीचे सगळे बिऱ्हाड येते. घरातले एल.ई.डी. दिवे, मोबाईलचे चार्जर, शेजारणीचा मिक्सर, लिफ्टची मोटर, रस्त्यावरच्या स्कूटरची ठिणगी, सगळी मंडळी त्यात असतात. फार काय, आकाशगंगासुद्धा! बूस्टरला सोवळेओवळे नाही. संदेश आणि खरखर दोघांनाही तो सारखेच फुगवतो, वर स्वतःच्या पदरची थोडी खरखर घालतो.

कार्यालयात पंगत बसली आहे. सनई वाजते आहे, जिलबीचा आग्रह चालला आहे, आणि दूरच्या कोपऱ्यातून आत्या तुम्हाला काहीतरी महत्त्वाचे सांगत आहेत. अशा वेळी कानाला कर्णा लावलात, तर आत्या मोठ्या ऐकू येतील. पण सनई आणि जिलबीही तितक्याच मोठ्या होतील. शहाणा माणूस काय करतो? उठतो आणि आत्यांजवळ जाऊन बसतो. रेडिओच्या भाषेत या उठून जवळ जाण्यालाच एरियल म्हणतात. तो योग्य मापाचा, योग्य दिशेचा आणि जमेल तितका उंच हवा. बाकी सगळे कर्णे.

त्यातून एफ.एम.ची तऱ्हाच न्यारी. ती ज्याने काढली त्या एडविन आर्मस्ट्राँगची गोष्ट बूस्टरवाल्यांनी रोज सकाळी एकदा वाचावी. जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त होते. विजेचा कडकडाट, मोटारींच्या ठिणग्या हीदेखील मुख्यतः उंचीतच ढवळाढवळ करतात. त्यामुळे गाणे कोणते आणि गडगडाट कोणता हे बिचाऱ्या रेडिओला कळत नाही. आर्मस्ट्राँग म्हणाला, मग उंचीत काही ठेवूच नका. आवाज लहरीच्या कंपनसंख्येत भरा आणि रेडिओत शिरल्यावर लहरीची उंची सरळ कातरून टाका! १९३३ साली त्याला याची पेटंटे मिळाली. एफ.एम. रेडिओच्या आत बसलेला हा न्हावी तेव्हापासून आजतागायत सगळ्या लहरींची डोकी एकाच उंचीवर कापत आला आहे.

आता गंमत बघा. तुम्ही पैसे मोजून बूस्टर आणता आणि लहरीची उंची वाढवता. ती लहर ऐटीत रेडिओत शिरते. आत न्हावी बसलेलाच असतो. तो ती पुन्हा होती तेवढी करतो! संदेश मुळात पुरेसा असेल तर फुगवण्याचा उपयोग शून्य. आणि संदेश खरखरीत बुडालेलाच असेल तर दोघांनाही सारखेच फुगवून तो वर कसा यावा? मधल्या मोजक्या प्रसंगी बूस्टर खराच कामाला येतो, त्यांच्याकडे मी येणारच आहे.

आर्मस्ट्राँगचे पुढे फार वाईट झाले. १९४५ साली अमेरिकेतल्या सरकारी आयोगाने एफ.एम.ला ४२ ते ५० मेगाहर्ट्झच्या जुन्या जागेवरून उचलले आणि ८८ ते १०८ मध्ये नेऊन बसवले. लोकांनी हौसेने घेतलेले एफ.एम. रेडिओ एका फटक्यात निकामी झाले. मोठ्या कंपन्यांशी पेटंटासाठी कोर्टकचेऱ्या करता करता हा माणूस खंगला आणि १९५४ च्या जानेवारीत त्याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या तेराव्या मजल्यावरच्या घरातून उडी घेतली. त्याच्या पत्नीने, मॅरियनने, खटले पुढे चालवले आणि जिंकले. शेवटचा निकाल लागायला १९६७ साल उजाडले. ज्याने जगाची खरखर घालवली त्याच्या आयुष्यातली खरखर कोणाला घालवता आली नाही. त्याची अशी कातरलेली लहर घरोघर फुकट येत असताना तिच्यापुढे वितभर मोडकी दांडी धरणे मला तरी कृतघ्नपणाचे वाटते.

आपल्याकडे एफ.एम. आले ते १९७७ साली, मद्रासला. आपला पट्टाही तोच, १०८ पर्यंतचा. आणि एरियलच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट झाली. हिशेब पाचवीतल्या मुलाला जमेल असा आहे. तीनशेला मेगाहर्ट्झने भागा, की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १०० मेगाहर्ट्झला तीन मीटर. एरियल त्याच्या निम्मा हवा, म्हणजे दीड मीटर. प्रत्यक्षात तार किंचित आखूड ठेवावी लागते, म्हणून १४३ सेंटीमीटर धरा. ही तार मधोमध कापा. झाले दोन तुकडे, प्रत्येकी साधारण ७१ सेंटीमीटर. ते एका सरळ रेषेत काठीला बांधा. डिशच्या टी.व्ही.ला येते तीच गोल केबल घ्या. तिच्यातली मधली तार एका तुकड्याला, भोवतीची जाळी दुसऱ्या तुकड्याला जोडा. केबलचे दुसरे टोक रेडिओकडे आणा आणि मधली तार चिमट्याने रेडिओच्या दांडीला लावा. संपला एरियल! ना वीज, ना बॅटरी, ना सोनेरी अक्षरे.

हा एरियल आपल्या दोन्ही बाजूंना चांगले ऐकतो आणि टोकांच्या दिशेला बहिरा असतो. तेव्हा टोक स्टेशनकडे करू नका, कूस करा. आडवा ठेवून जमले नाही तर उभा धरून पाहा, कारण प्रक्षेपकाची लहर आडवी आहे की उभी यावरही ते अवलंबून असते. आणि जमेल तितका उंच न्या. एफ.एम.ची लहर साधारण नजरेसारखी सरळ जाते. डोंगर किंवा सिमेंटची इमारत मध्ये आली की ती अडते. उंचावरून स्टेशनची दिशा जितकी मोकळी, तितका गायक मोकळा.

हे एके काळी आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईला दूरदर्शन सुरू झाले आणि पाहता पाहता गच्च्यांवर ॲल्युमिनियमची खोडे उगवली. यागी आणि उदा या दोन जपानी प्राध्यापकांनी १९२६ साली काढलेला तो एरियल. त्याचा शोध कावळ्यांना बसण्यासाठी लागला, अशी माझी लहानपणी समजूत होती. वडील गच्चीवर, आई जिन्यात, मोठा भाऊ दारात आणि धाकटी बहीण टी.व्ही.समोर. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" "आता?" "होतं तेच बरं होतं!" या एका संवादात एरियलशास्त्राचा सगळा अभ्यासक्रम येऊन गेला. त्या वेळी चित्र मुंगळ्यांनी भरले तर कोणी डबी आणायला धावत नसे. आधी वर जाऊन एरियल फिरवत. पुढे केबल आली, डिश आली, आणि वर जाण्याची सवयच मोडली.

आता वर जायचे म्हटले तरी जाता येत नाही. कारण गच्चीला कुलूप असते, आणि कुलपाची किल्ली सोसायटीच्या कमिटीकडे असते!

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक बाई राहतात. म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली, पण सोसायटीतले निम्मे बापे त्यांच्या हातचे छडी खाल्लेले असल्यामुळे त्या अजून बाईच. गेल्या चारपाच वर्षांत त्यांची दृष्टी बरीच गेली. वाचन बंद झाले, टी.व्ही. नुसता उजेड. उरला रेडिओ. सकाळच्या बातम्या आणि रात्रीची गाणी, एवढ्या दोन खुंट्यांना त्यांचा दिवस टांगलेला असे. मग समोर बावीस मजली इमारत उभी राहिली आणि बाईंचे स्टेशन तिच्या सावलीत गेले. सावली म्हणजे ऊन अडते तीच फक्त, असे आपण समजतो. बाईंना दुसरी कळली.

बाईंनी अर्ज केला, गच्चीवर एक तार लावू द्या. कमिटीचे उत्तर छापील कागदावर आले: 'इमारतीच्या सौंदर्यास बाधा येत असल्यामुळे परवानगी देता येत नाही.' आता आमच्या गच्चीचे सौंदर्य काय वर्णावे! पाण्याच्या तीन टाक्या, डिशच्या अकरा तबकड्या, मोडके फर्निचर, एका माजी उमेदवाराचा हात जोडलेला फ्लेक्स आणि या सगळ्यांच्या डोक्यावर मोबाईल कंपनीचा मनोरा. मनोरा महिन्याला भाडे देतो म्हणून तो शोभिवंत. तार भाडे देत नाही म्हणून ती विद्रूप. एके काळी घरात रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावे लागे. ते सरकारने ऐंशीच्या दशकात रद्द केले. सोसायट्यांनी अजून केलेले नाही!

कमिटीत माणसे वाईट आहेत असे नाही. त्यांतल्या एकाने कनवाळूपणाने बाईंना एक बूस्टर आणून दिला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! बाईंनी तो दोन दिवस लावला आणि मला बोलावून परत दिला. म्हणाल्या, "अरे, मुलाला फळ्यावरचं दिसत नसेल तर त्याला पुढच्या बाकावर बसवायचं. खडू जाड करून काय होणार?"

या एका वाक्यात बाईंनी माझा अख्खा लेख सांगून टाकला. पण मला जागा भरायची असल्यामुळे मी तो पुढे चालवतो.

बाईंच्या गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या बांबूला मी दोन तुकडे बांधले आणि बांबू ग्रिलच्या बाहेर काढला. लोखंडी ग्रिलला चिकटून एरियल ठेवणे म्हणजे बहिऱ्याच्या मांडीवर बसून कुजबुज ऐकणे. बांबू वाकडातिकडा फिरवता फिरवता एका जागी बातम्या सुरू झाल्या. बाई काही बोलल्या नाहीत, खुर्ची ओढून रेडिओजवळ बसल्या. पण हा तोडगाच. बसगाडी समोरून गेली की बातमीदार तोतरा होतो, आणि समोरच्या इमारतीवर आपटून येणारी दुसरी लहर पहिलीशी भांडत असल्यामुळे गाण्यातला 'स' फाटतो. अशी आपटून आलेली लहर कोणत्याही बूस्टरला काढता येत नाही, कारण त्याच्या लेखी तीही संदेशच. त्याला उपाय गच्ची.

आता कबूल केल्याप्रमाणे बूस्टरकडे येतो. समजा कमिटीला सुबुद्धी झाली आणि गच्चीवर एरियल लागला. तिथून तळमजल्यापर्यंत केबल आली, वीसएक मीटर. चांगल्या केबलमध्ये तेवढ्यात जाते किती? दीड डेसिबलच्या आतबाहेर. त्यासाठी बूस्टर कशाला? पण तोच एरियल चार घरांत वाटून दिला, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव हिस्सा येणार. आमटी तेवढीच आणि पाने चार. इथे बूस्टर हवाच. केबल फार लांब असली तरी हवा. रेडिओ जात्याच कानाने मंद असला तरी हवा. अशा ठिकाणी खुशाल लावा, आणि स्वतः बनवून लावा.

मुंबईला लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याला बुधवारात पासोड्या विठोबाच्या आसपास बी.एफ. ४९४ नावाचा ट्रान्झिस्टर मागा. वडापावपेक्षा महाग नसतो, आणि टिकतो जास्त. वेटोळ्यासाठी पेन्सिलीभोवती जाड तारेचे पाच वेढे घ्या. त्याला वीस-बावीस पिकोफॅरडचा ट्रिमर जोडला, की जोडी शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास सूर धरते. मग ट्रिमर हलक्या हाताने फिरवून हवे ते स्टेशन स्पष्ट करायचे. चिनी मातीचे कंडेन्सर, एक नऊ व्होल्टची बॅटरी. सगळ्यांचे पाय कापून आखूड ठेवा. या कंपनसंख्येला इंचभर लांब पाय म्हणजे एक वेगळे वेटोळेच होते. आत येणारी आणि बाहेर जाणारी तार एकमेकींपासून दूर ठेवा; जावाजावांइतक्या नव्हे, पण दूर. आणि सगळा संसार पत्र्याच्या डबीत बंद करा, मुखवासाची चालेल. दहा-पंधरा डेसिबल मिळाले की थांबा. तीस मिळवण्याच्या नादाला लागू नका.

कारण बाहेर गेलेला संदेश उलटून पुन्हा आत शिरला, तर बूस्टर ऐकायचे सोडून स्वतःच गाऊ लागतो. आपला रेडिओ मुका होतो, शेजाऱ्यांचे रेडिओ बिघडतात, आणि तुमच्या मुखवासाच्या डबीचे विनापरवाना प्रक्षेपण केंद्र होते. हा कायद्याने गुन्हा तर आहेच, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी, की एफ.एम.चा पट्टा जिथे संपतो तिथूनच, १०८ मेगाहर्ट्झपासून, विमानांचा पट्टा सुरू होतो. आपल्याला बातम्या ऐकायच्या आहेत, व्हायचे नाही. तेव्हा स्टेशने नाहीशी होऊन काट्यावर कुठेतरी मख्ख शांतता पसरली, तर ताबडतोब बॅटरी काढा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. बूस्टर लावायचा तो रेडिओपाशी नाही, वर, एरियलपाशी. केबल उतरता उतरता संदेश अशक्त होतो. अशक्त झाल्यावर त्याला टॉनिक पाजण्यापेक्षा धडधाकट असतानाच खाऊ घालून पाठवावा. मी म्हणतो म्हणून ऐकू नका, नारायणगावला जा. तमाशा आणि टोमॅटो यांच्यासाठी आपण नारायणगाव ओळखतो. पण त्याच्याजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आणि त्या चकचकीत पत्र्याच्या नाहीत, चक्क ताणलेल्या तारांच्या जाळीच्या! त्यांच्याकडेही बूस्टर आहेत, आणि ते तबकडीच्या माथ्यावर, जिथे लहरी गोळा होतात तिथेच बसवलेले आहेत. पण आधी काय केले? आधी कमीत कमी खरखरीची जागा शोधली. मग एवढ्या तारा ताणल्या. मग बूस्टर. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे शियापारेली नावाचे यान मंगळावर उतरत होते, तेव्हा त्याची क्षीण कुजबुज या जाळ्यांनी पृथ्वीवर ऐकली. उतरता उतरता ती बंद पडली, तेही त्यांना कळले. मंगळावरचे ऐकणाऱ्यांनी आधी तार ताणली, आणि आमच्या मेहुण्यांना टेकडीपलीकडचे ऐकायला तीही नको!

इथे काही हुशार मंडळी हसून म्हणतील, "अहो, कुठल्या जमान्यात आहात? फोनवर ऐका की!" बाईंना कमिटीनेही हेच सुचवले होते. ज्या बाईंना काच दिसत नाही त्यांनी काचेवर बोट फिरवून स्टेशन लावायचे! रेडिओचा खटका हाताला कळतो. रेडिओला महिन्याचा रिचार्ज नसतो. पुरात वीज गेली, मनोऱ्याची बॅटरी संपली, की फोनवरचे ॲप गप्प होते. दोन सेलचा रेडिओ मात्र दूरवरच्या प्रक्षेपकाचे ऐकत राहतो. हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून तर २०२३ साली केंद्र सरकारने मोबाईल कंपन्यांना सूचना काढली, की फोनमध्ये एफ.एम. रेडिओ असेल तर तो बंद करून ठेवू नका. आणि त्या रेडिओलासुद्धा एरियल लागतोच! इअरफोनची वायर हाच फोनचा एरियल असतो, म्हणून वायर काढली की गाणे जाते. आता तर कित्येक फोनांना इअरफोनचे भोकच नसते. म्हणजे एवढी प्रगती करून आपण पुन्हा तिथेच आलो. वायर द्या!

तेव्हा कमिटीच्या सन्माननीय सभासदांना माझे जाहीर सांगणे आहे. बाईंचा तिसरा अर्ज आपल्या टेबलावर आहे. त्यात त्यांनी फार मागितलेले नाही. टाक्यांच्या मागे एक बांबू, त्यावर ७१ सेंटीमीटरचे दोन तुकडे, आणि डक्टमधून खाली येणारी एक केबल. विजेच्या दिवसांत धोका नको म्हणून ती जमिनीत अर्थ करून देण्याची जबाबदारी मी घेतो. आणखी तीन घरांना हवे असेल तर बूस्टर मी स्वखर्चाने करून देतो. मुखवासाची डबीही माझीच. इमारतीच्या सौंदर्याची काळजी वाटत असेल, तर त्या माजी उमेदवाराचा फ्लेक्स बांबूच्या पुढे बांधावा. तोही एकदाचा कोणाच्या उपयोगी पडेल.

आणि अर्ज याही वेळी फेटाळायचाच असेल, तर उत्तर छापील कागदावर पाठवू नये. बाईंना वाचता येत नाही. अध्यक्षांनी स्वतः तळमजल्यावर जाऊन ते वाचून दाखवावे. बाईंचा कान अजून तिखट आहे, आणि छडी कपाटावरच असते. तिला बूस्टर लागत नाही.